पाडव्याच्या आदल्या रात्रीची रांगोळी: रस्त्यावरच्या कलाकारावर छोटा माहितीपट

प्रश्न असा आहे: गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी आदल्या रात्री चौकात मोठी रांगोळी काढणाऱ्या एका कलाकाराच्या कामावर आठ-दहा मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. माणसं दोनच. एक मिररलेस कॅमेरा, दोन मोबाईल, थोडं सामान भाड्याने घेता येईल. तयारी काय करावी आणि काय चुकू शकतं?

तयारी शेवटाकडून सुरू करा. भिंतीवरचं चित्र दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं, एखादा शॉट हुकला तर परत जाता येतं. रस्त्यावरची रांगोळी सात-आठ तासांत तयार होते आणि यात्रा आली की दहा मिनिटांत पुसली जाते. त्या दहा मिनिटांना रीटेक नाही. नवखे लोक रात्रभर जागून तासन्‌तास चित्रीकरण करतात. पहाटे बॅटरी संपलेली, कार्ड भरलेलं, कॅमेरा धरणारा पेंगुळलेला, आणि ढोल कोपऱ्यावर आलेले. म्हणून सगळं नियोजन 'सकाळी सहा वाजता हातात काय उरलेलं असलं पाहिजे' इथून मागे मोजत या. दोन पूर्ण बॅटऱ्या, एक कोरं कार्ड आणि दोघांपैकी एकाची किमान दोन तासांची झोप एवढं राखून ठेवा. रात्री एक ते तीन या वेळात रंग भरण्याचं तेच ते काम चालू असतं, तेव्हा एकाने झोपून घ्या.

आता रेकी, म्हणजे जागेची आधी केलेली पाहणी. आठ-दहा दिवस आधी कलाकारासोबत जागेवर जा, आणि रात्री जा. दिवसा पाहिलेल्या चौकाचा रात्री काही उपयोग नाही. पृष्ठभाग कोणता आहे ते पाहा. जुनं डांबर खडबडीत असतं. पूड खाचांत उतरते, रंग जास्त लागतो, पण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी रेघ खणखणीत दिसते. सिमेंटचा नवा रस्ता गुळगुळीत आणि फिकट असतो. त्यावर कलाकार आधी गेरूचा किंवा गडद रंगाचा थर देतात, म्हणजे कामाचा क्रमच बदलतो आणि तुमची शॉटची यादीही. पेव्हर ब्लॉक असतील तर फटींचा जाळीदार आकार वरच्या शॉटमध्ये रांगोळीच्या रेषांशी भांडतो. मॅनहोलचं झाकण, गतिरोधक, रस्त्याचा उतार यांची नोंद ठेवा. टँकरने रस्ता धुतल्यावर पाणी कुठे साचतं ते उतारावरून कळतं. ओल्या डागावर टाकलेली पूड पाणी पिऊन काळवंडते, म्हणून कलाकार तिथे सुकेपर्यंत थांबतात, आणि सगळं वेळापत्रक तासभर पुढे सरकतं.

रांगोळी कोणत्या जातीची हे नीट समजून घ्या. चौकात मोठं वर्तुळ किंवा चौकोन धरून काढलेली महारांगोळी वेगळी, यात्रेच्या मार्गावर लांबच लांब काढलेल्या पायघड्या वेगळ्या. पायघड्यांत काम पुढे पुढे सरकतं. दहा-पंधरा जण रांगेत बसतात आणि कॅमेऱ्याला कडेने मोकळी वाट मिळते. महारांगोळी केंद्रातून बाहेर वाढते. पहिला तास तुम्ही मध्यभागी जाऊ शकता. एकदा चाळणीने रंग पसरला की केंद्राची दारं बंद. म्हणजे मध्यबिंदूला खिळा रोवून किंवा एकाने दोरीचं टोक दाबून धरून दुसरा खडूने वर्तुळ फिरवतो तो शॉट, केंद्रातलं पहिलं स्वस्तिक किंवा कमळ, चिमटीतून पडणारी पहिली रेघ, हे सगळं पहिल्या तासातच घ्यायचं. कलाकाराला सरळ विचारा: "पहिल्यांदा हात कुठे टेकणार, आणि किती वाजता मला मध्ये येणं बंद करायचं?" हा प्रश्न त्यांना आवडतो. रांगोळीवर पाय पडू नये याची काळजी घेणारा कॅमेरावाला त्यांना क्वचितच भेटतो.

संस्कारभारती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत कलाकार आधी चाळणीने किंवा हाताने रंगाचा सपाट गालिचा घालतात आणि त्यावर मुठीतून पांढरी रांगोळी सोडतात. पाचही बोटांतून एकदम सोडली की समांतर रेघा उमटतात. ही चाल टिपायला वरचा शॉट निरुपयोगी. कॅमेरा जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, हाताच्या समोरून. बोटांच्या फटीतून पूड कशी सुटते, मनगट कुठे वळतं, रेघ संपवताना मूठ कशी आवळली जाते, हे तिथूनच कळतं. स्वस्तिक, शंख, गोपद्म, सर्परेषा, केंद्रवर्धिनी ही चिन्हं एकदा कलाकाराकडून नावानिशी समजून घ्या आणि प्रत्येकाचा एक संपूर्ण शॉट घ्या: हात फ्रेममध्ये येतो, चिन्ह पूर्ण होतं, हात फ्रेमबाहेर जातो. मध्येच तुटलेला हाताचा शॉट एडिटमध्ये कुठेच बसत नाही.

प्रकाश हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. पाडव्याची आदली रात्र म्हणजे अमावास्या, त्यामुळे आकाशाकडून मदत शून्य. रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे उरले असतील तर सावध राहा. त्या उजेडात निळा रंग काळपट दिसतो, गुलाबी आणि केशरी एकसारखे दिसतात, आणि ते नंतर संगणकावर दुरुस्त होत नाही, कारण उजेडात ते रंग मुळातच नसतात. एलईडी दिव्यांखाली परिस्थिती बरी, पण हिरवट झाक येते. शिवाय मंडळाने लावलेल्या झगमगत्या माळा आणि हॅलोजन यांचा खिचडी उजेड होतो. उपाय एकच: रात्रीच्या रंगांवर विश्वास ठेवायचा नाही. रंग सकाळी दाखवायचे. रात्री दाखवायचा तो हात, पोत, सावली आणि माणसं.

त्यासाठी एक छोटं एलईडी पॅनल भाड्याने घ्या. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९५ किंवा त्याहून जास्त असावा, बॅटरीवर चालणारं असावं. ते जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर, आठ-दहा फूट अंतरावर, उजेड जवळजवळ आडवा पडेल असं ठेवा. आडव्या उजेडात रांगोळीच्या रेघेला उंची आहे हे दिसतं. वरून पडलेल्या उजेडात तीच रेघ कागदावर छापल्यासारखी सपाट दिसते. कलाकार उजव्या हाताने काम करत असेल तर दिवा त्याच्या डाव्या बाजूला, थोडा पुढे. उलट ठेवलात तर हाताची सावली नेमकी रेघेवर पडते. त्याचं कामही बिघडतं आणि तुमचा शॉटही. दिवा डोळ्यात जात नाही ना, हे खाली बसून, त्याच्या जागेवरून पाहा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा याची सेटिंग, ४००० केल्विनच्या आसपास एकदा ठरवा आणि रात्रभर बदलू नका. 'ऑटो'वर ठेवला तर दर शॉटला रस्त्याचा रंग वेगळा येतो.

फ्रेम रेट सेकंदाला २५, शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १/५० सेकंद. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे हे जुळतं. मोबाईल मुळात ३० फ्रेम आणि १/६० वर चालतो आणि मग दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. मोबाईलवर मॅन्युअल नियंत्रण देणारं कॅमेरा ॲप घाला आणि शटर १/५० किंवा १/१०० वर बांधा. स्वस्त एलईडी माळा तरीही लुकलुकू शकतात. रेकीच्या रात्री दहा सेकंदांची चाचणी घेऊन मोठ्या पडद्यावर पाहा, मोबाईलच्या पडद्यावर हे दिसत नाही. कॅमेऱ्याला एफ-२.८ चा २४-७० झूम लावला तर साधारण रस्त्याच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या आसपास जावं लागेल, पॅनल लावलं की १६०० वर येता येतं. एफ-१.८ च्या दोन-तीन प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स जास्त उजेड घेतील हे खरं, पण या जागी लेन्स बदलणं म्हणजे संकटाला आमंत्रण. कारण पुढे येतंच.

एक्स्पोजरची ठरलेली चूक अशी: काळा रस्ता पाहून कॅमेरा चित्र उजळ करतो आणि पांढरी रेघ जळून जाते. मग ती रांगोळी न वाटता ट्यूबलाइटसारखी दिसते. झेब्रा, म्हणजे अति उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय, ९५ टक्क्यांवर लावा आणि पांढऱ्या रेघेवर पट्टे जेमतेम दिसेनासे होतील इतकं एक्स्पोजर खाली घ्या. साधारण एक ते सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी करावं लागतं. सकाळी दुसरी भानगड. कुंकवासारखा लाल, झेंडूसारखा केशरी आणि गुलाबी इतके गडद असतात की एकूण एक्स्पोजर बरोबर दिसत असूनही लाल चॅनेल एकटा भरून जातो. रंगाच्या आतला दाणा, हाताने उमटलेली कड सगळं नाहीसं होतं आणि सपाट लाल चकती उरते. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळीचा आलेख) असेल तर तो पाहा. नसेल तर अर्धा स्टॉप आणखी खाली राहा आणि चित्राची सॅच्युरेशन सेटिंग एक-दोन पायऱ्या उतरवा.

आता धूळ. पांढरी रांगोळी म्हणजे शिरगोळ्याची पूड, दगडच. चाळणी हलायला लागली की ती हवेत तरंगते आणि उजेडाच्या झोतात फार सुंदर दिसते. तो शॉट जरूर घ्या, पण दहा फूट लांबून, वाऱ्याच्या वरच्या अंगाने. पुढच्या काचेवर यूव्ही फिल्टर लावूनच घरून निघा. लेन्स तिथे बदलू नका. उघड्या सेन्सरवर बसलेली पूड नंतरच्या प्रत्येक शॉटमध्ये डाग बनून येते. काचेवर पूड बसली तर कापडाने अजिबात पुसू नका, दगडाचा दाणा काचेवर ओरखडा काढतो. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. ट्रायपॉडच्या पायांचे जोड, मोबाईलचं चार्जिंगचं छिद्र, माइकची जाळी या तीन जागा पूड हमखास शोधते. छिद्रावर कागदी टेप लावा. बॅग प्लॅस्टिकच्या चादरीवर, चेन बंद करून. आणि स्वतःच्या नाकातोंडावर मास्क, कारण चाळण्याचं काम तास-तास चालतं.

वरून दिसणारी संपूर्ण रांगोळी हवीच असेल. ती ड्रोनने घ्यायचा मोह टाळता आला तर टाळा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो ड्रोन परवान्याशिवाय उडवता येतं, पण कुठेही उडवता येत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावरचा हिरवा, पिवळा, लाल विभाग पाहावाच लागतो, मोठ्या शहरांत विमानतळामुळे बराच भाग बाद होतो, आणि मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. सणाच्या गर्दीवर ड्रोन तर नकोच. या सगळ्याहून साधं कारण असं की तीन-चार मीटरवर आलेल्या ड्रोनच्या पंख्यांचा वारा रांगोळी उडवतो. कलाकाराची पाच तासांची मेहनत पाच सेकंदांत.

चाळीची गॅलरी किंवा दुकानावरच्या घराची खिडकी हा जास्त भरवशाचा मार्ग. गिरगावातल्या अरुंद वाड्यांत किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर, जिथे १९९९ पासून स्वागतयात्रा निघते, अशा जागा शोधल्या तर सापडतात. हिशेब करून पाहा. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला २४ मिमी लेन्स लावून १६:९ चौकटीत उभ्या दिशेने अंतराच्या साधारण ०.८४ पट लांबी मावते. वीस फुटी, म्हणजे सुमारे सहा मीटर व्यासाचं वर्तुळ मावायला सात-साडेसात मीटर अंतर लागतं. दुसऱ्या मजल्याची गॅलरी साधारण तितकी पडते. अर्थात गॅलरी बरोबर डोक्यावर नसते, तिरक्या कोनातून वर्तुळ लंबगोल दिसतं. ते एडिटमध्ये ताणून गोल करायच्या फंदात पडू नका, माणसं ताणली जातात. तिरकं आहे तसंच राहू द्या. एका कोपऱ्यात गॅलरीचा कठडा किंवा वाळत घातलेलं कापड आलं तर उलट जागेचा पत्ता लागतो.

घरमालकांना तीन गोष्टी आधी विचारा. रात्रभर कॅमेरा राहिला तर चालेल का, घरातला दिवा किती वाजता बंद होतो (काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं), आणि गुढी कुठे उभारणार. ही तिसरी गोष्ट सगळे विसरतात. सकाळी कॅमेऱ्याच्या बरोबर समोर गुढीची काठी आणि साडीचा पदर येतो आणि तिला 'जरा सरकवता का' असं पाडव्याला कोणी कोणाला म्हणू शकत नाही.

टाइमलॅप्स याच जागेवरून. एखादा जुना डीएसएलआर भाड्याने घ्या, मोबाईलवर भिस्त नको. मोबाईलमधला तयार टाइमलॅप्स बऱ्याचदा रेकॉर्डिंग लांबलं की फ्रेम गाळत जातो आणि एक्स्पोजर मनाला येईल तसं बदलतो. रात्री दहा ते पहाटे पाच म्हणजे सात तास, २५,२०० सेकंद. दर दहा सेकंदांना एक फोटो घेतला तर २,५२० फोटो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमने शंभर सेकंदांचं चित्र. तीस सेकंदांना एक घेतला तर ८४० फोटो, साडेतेहतीस सेकंद. दहाचंच अंतर ठेवा. तीस सेकंदांत माणसं एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारताना दिसतात, आणि जास्तीच्या फ्रेम नंतर गाळता येतात, नसलेल्या आणता येत नाहीत. सगळं मॅन्युअल: फोकस एकदा जुळवून टेपने बांधलेला, व्हाइट बॅलन्स बांधलेला, एफ-४, शटर १ सेकंद, आयएसओ ४००. इथून चाचणी सुरू करा. एका सेकंदाच्या शटरमुळे माणसं किंचित पुसट होतात आणि रांगोळी ठाम राहते, हाच परिणाम हवा आहे. दर फोटोला लेन्सचा पडदा किंचित कमी-जास्त मिटतो आणि चित्र लुकलुकतं. ते टाळायला लेन्स पूर्ण उघड्या छिद्रावर ठेवा आणि आयएसओ तेवढा उतरवा. मध्यम दर्जाचे जेपीईजी घेतले तर चौसष्ट जीबीचं कार्ड पुरतं. बॅटरीच्या जागी डमी बॅटरी (वायर जोडलेलं बॅटरीच्या आकाराचं खोकं) बसवून घरातून वीज घ्या.

लाकडी गॅलरीवर कोणी चाललं की ती हलते, आणि एका सेकंदाच्या शटरला ते लगेच कळतं. क्लॅम्प कठड्याला न लावता खांबाला किंवा भिंतीच्या कडेला लावा, आणि कॅमेरा वेगळ्या दोरीने बांधून ठेवा. खाली माणसं बसलेली असतात. पाच वाजता हा टाइमलॅप्स बंद करा. पहाटेचा उजेड त्याच सेटिंगवर सगळं पांढरं करून टाकतो. हवा असेल तर पावणेसहाला नव्या सेटिंगने दुसरा सुरू करा.

जमिनीवरून वरचा शॉट हवा असेल, म्हणजे केंद्रात पोचायचं असेल, तर सात-आठ फुटांच्या मोनोपॉडला किंवा बांबूला मोबाईल बांधून तो बाहेरून आत धरा. मागच्या टोकाला वाळूची पिशवी लटकवा, नाहीतर हात थरथरतात. मोबाईल दुहेरी बांधा, आणि कलाकाराला आधी सांगा. डोक्यावर काहीतरी तरंगतंय हे न सांगता झालं तर तो दचकतो आणि रेघ वाकडी जाते.

आवाजाकडे दोघांपैकी एकाने पूर्ण लक्ष द्यावं. एक वाजल्यानंतर रस्ता शांत होतो आणि तेव्हाच या कामाचा खरा आवाज ऐकू येतो: चाळणीवर बोटांनी मारलेल्या टिचक्या, पत्र्याच्या डब्यात हात घातल्याची खरखर, खडूचं घासणं, मांडी बदलताना निघालेला 'आई गं'. शॉटगन माइक फूट-दीड फुटावर धरून हे वेगळं रेकॉर्ड करा, चित्र नसलं तरी चालेल. प्रत्येक जागी किमान एक मिनिट नुसता आसमंताचा आवाज घ्या, शेवटची लोकल, कुत्री, जनरेटर, काय असेल ते. जनरेटर सतत चालणार असेल तर मंडळाला विनंती करून तो कोपऱ्यामागे ठेवून घ्या. काम सुरू झाल्यावर तो कोणी हलवत नाही. कॉलर माइक छातीवर लावला तर वाकून बसलेल्या माणसाची हनुवटी त्याच्या बरोबर वर येते, आवाज घुमतो आणि कुर्ता घासतो. खांद्याजवळ, कामाचा हात ज्या बाजूला नाही त्या बाजूला लावा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास.

सकाळी ढोल-ताशा आला की हे सगळं उलटं. पथक जवळ आल्यावर रेकॉर्डरची पातळी आधीच खूप खाली घेतलेली असली पाहिजे. पहिल्या ठोक्यानंतर घेतलीत तर पहिला ठोका फाटलेला असतो, आणि तोच हवा असतो. ३२ बिट फ्लोटचा, म्हणजे फार मोठा आवाजही न फाटता साठवणारा रेकॉर्डर असला तरी माइकच ओव्हरलोड झाला तर काही वाचत नाही. साधा डायनॅमिक माइक या कामाला उत्तम. यात्रेत लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी लागली तर तो आवाज ऑनलाइन कॉपीराइटच्या दाव्यात अडकतो, म्हणून गाणं नसलेला ढोल लांबच्या टोकाला जाऊन वेगळा टिपा.

मुलाखत रात्री घेऊ नका. काम करताना प्रश्न विचारले की एकतर काम थांबतं किंवा उत्तर "हो, बरोबर" एवढंच येतं. एक मुलाखत चार-पाच दिवस आधी, कलाकाराच्या घरी, रंग चाळताना किंवा पुड्या बांधताना. हात कामात असले की माणूस मोकळं बोलतो. दुसरी पाडव्यानंतर तीन-चार दिवसांनी, त्याच रिकाम्या चौकाजवळच्या शांत खोलीत. पडदे, गाद्या असलेली खोली निवडा, फरशीची रिकामी खोली घुमते. 'रांगोळी पुसली जाते तेव्हा काय वाटतं' हा प्रश्न प्रत्येक पत्रकाराने विचारलेला असतो आणि त्याचं उत्तर पाठ झालेलं असतं. त्याऐवजी कामाचं विचारा. रेघ मध्येच तुटली तर जोड कुठे लपवता? दमट हवेत पूड मुठीत चिकटते तेव्हा काय मिसळता? पाऊल उमटलं तर पुसता की त्यावर नवीन काही काढता? कोणता रंग आधी संपतो? गुडघे कितव्या तासाला बोलायला लागतात? प्रश्नाचा भाग उत्तरात घेऊन बोलायला सांगा, म्हणजे तुमचा आवाज काढून टाकता येतो.

आता ती दहा मिनिटं. यात्रेच्या संयोजकांना विचारून ठेवा की मिरवणूक रांगोळीवरून जाणार की कडेने. काही ठिकाणी पालखी जाईपर्यंत दोरी धरतात आणि मग सोडतात, काही ठिकाणी कडेने वळवतात आणि रांगोळी दुपारपर्यंत राहते. तसं असेल तर तुमचा शेवट झाडूवाल्यांच्या हातात आहे, आणि तो कधीकधी जास्त चांगला असतो. मार्चच्या अखेरीस मुंबई-पुण्याकडे सूर्योदय साडेसहाच्या आसपास होतो. त्याआधीची वीसेक मिनिटं रस्त्याचे दिवे आणि आकाश जवळजवळ समतोल असतात. संपूर्ण रांगोळीचा रंगीत शॉट याच वेळात, माणसं बाजूला झालेली असताना घ्या. ऊन आलं की इमारतींच्या सावल्या पट्ट्यापट्ट्याने पडतात.

यात्रेच्या वेळी तीन नजरा हव्यात. गॅलरीतला कॅमेरा अर्धा तास आधीपासून बांधून चालू. मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर, लहान ट्रायपॉडवर, कडेला, कोणाच्या पायात न येणारा. आणि मुख्य कॅमेरा कलाकाराच्या चेहऱ्यावर, सत्तर मिमीवर, पंधरा-वीस फुटांवरून. इथे एक गोष्ट आदल्या दिवशीच ठरवा: तो तिथे असणार आहे का? रात्रभर बसलेली माणसं सहाला घरी जातात, आंघोळ करतात, गुढी उभारतात. कधी परत येतात, कधी झोपतात. नसणार असेल तर त्याच्या मागे घरी जा आणि पुसण्याचा शॉट गॅलरीवर सोडा. ढोल लांबून ऐकू येतोय आणि तो नखांत अडकलेला रंग घासतोय, हा शेवट कुठल्याही स्लो मोशनपेक्षा भारी आहे. त्याला 'जरा रांगोळीकडे बघून उदास व्हा' असं मात्र कधीही सांगू नका. पडद्यावर ते लगेच ओळखू येतं.

परवानगीचं थोडक्यात. रस्ता बंद करण्याची परवानगी संयोजकांकडे असते. तुम्ही त्यांच्याकडून चित्रीकरणाचं पत्र घ्या आणि एक प्रत खिशात ठेवा, रात्री दोनला गस्तीवरचा हवालदार विचारतोच. कलाकाराची लेखी संमती मात्र अनिवार्य समजा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेली कलाकृती चित्रपटात दाखवायला सूट आहे, पण तिथला शब्द 'कायमस्वरूपी' आहे. सकाळी पुसली जाणारी रांगोळी त्यात बसते असं धरून चालू नका. शिवाय पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याकडे जातो, असं कलम १७ सांगतं. मंडळाने मानधन दिलं असेल तर त्यांचीही सही घ्या. रांगोळीत व्यक्तिचित्र असेल तर ते कोणाच्या फोटोवरून काढलं तेही विचारा. गटात शाळकरी मुलं असतात, त्यांच्या पालकांची संमती वेगळी. सफाई कामगारांना चेहरा दाखवायचा का, हे जागेवर, कॅमेरा सुरू करण्यापूर्वी विचारा.

फुटेजचा हिशेब: फोर-के, १०० मेगाबिटने तासाला ४५ जीबी. दोन्ही मुलाखती सोडून रात्री-सकाळी मिळून तीन तासांपेक्षा जास्त चित्रीकरण करू नका. १३५ जीबी झालेच. जास्त घेतलेलं कोणी पाहत नाही, एडिट करणाराही नाही. घरी आल्यावर कितीही झोप येत असली तरी दोन वेगळ्या डिस्कवर प्रत करा, मगच झोपा. कार्ड आठवडाभर फॉरमॅट करू नका.

एडिटमध्ये माझं ठाम मत: पूर्ण झालेली रांगोळी सुरुवातीला दाखवू नका. जाहिरातीसारखा वरचा शॉट पहिल्याच सेकंदाला टाकला की पुढची आठ मिनिटं प्रेक्षकाला वाट पाहायला काही उरत नाही. सुरुवात रिकाम्या, नुकत्या झाडलेल्या डांबरावर खडूच्या रेघेने होऊ दे. पूर्ण रांगोळी एकदाच, सकाळी, आठ-दहा सेकंद स्थिर, संगीताशिवाय. टाइमलॅप्स सलग न वापरता सहा-सात सेकंदांचे तीन तुकडे करा आणि वेळ पुढे नेण्यासाठी वापरा. रात्रभर बासरी लावायचा मोह आवरा. चाळणीचा आवाज तुम्ही एवढ्या कष्टाने घेतलाय, तो ऐकू येऊ द्या. निवेदन लागलंच तर चार-पाच वाक्यं, आणि डोळ्यांना दिसतंय ते परत सांगणारं एकही नाही. नऊ मिनिटांची पहिली जुळणी झाली की कलाकाराला दाखवा. तांत्रिक चूक, म्हणजे चिन्हाचं नाव चुकलं, क्रम उलटा लागला, ती त्याच्याच लक्षात येते. मजकुरावर मात्र शेवटचा शब्द तुमचा, हे संमतिपत्रातच लिहिलेलं असू दे. ऑनलाइन टाकताना आवाजाची सरासरी पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास ठेवा. ढोलाचा भाग मुलाखतीपेक्षा मोठा असेल, पण कान फाटेल इतका नको.

सकाळच्या त्या वीस मिनिटांत व्हिडिओ घेऊन झाला की त्याच गॅलरीतून डीएसएलआरने रॉ फॉरमॅटमध्ये पाच-सहा स्थिर फोटो घ्या आणि मोठ्या आकारात कलाकाराला द्या. बहुतेकांकडे आपल्या रांगोळीचा वरून, संपूर्ण, सरळ फोटो नसतो. पुढच्या वर्षी मंडळाकडे काम मागायला त्यांना तो लागतो, आणि तुमच्या पोस्टरलाही तोच चालतो.